देव्हाऱ्याखालचा कोपरा

घाटकोपरच्या पंतनगरात, तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरात, द्रौपदी तळवडेकर सकाळी सकाळी ओणव्या होऊन लादी हुंगत होत्या. बासष्ट वर्षांच्या बाईला हे शोभत नाही, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. पण करणार काय? स्वयंपाकघरात देव्हाऱ्याच्या बरोबर खाली, भिंत आणि मिक्सरचा खोका यांच्यामधल्या कोपऱ्यात, बोका पुन्हा मुतला होता.

"मेल्या, तुका इतको मोठो ट्रे दिसणा नाय?" त्या म्हणाल्या.

मेला खिडकीत बसून निवांत पंजा चाटत होता. नाव बाबल्या, रंग पिवळा, एक कान कुठल्याशा जुन्या भांडणात फाटलेला. त्याच्यासाठी बाल्कनीत खास ट्रे होता, ट्रेमध्ये ऑनलाइन मागवलेली महागाची माती होती, आणि साहेब तिथे जातही होते. पण दोन-तीन दिवसांआड एक फेरी देवाच्या पायाशी. त्यात खंड नाही.

द्रौपदीबाईंनी फडक्याने टिपलं, पावडरच्या पाण्याने घासलं, वरून फिनेल फिरवलं. मग हात धुऊन देव्हाऱ्यातली छोटी बाटली काढली आणि तुळशीच्या पानाने त्या कोपऱ्यात गोमूत्र शिंपडलं. देवाखालची जागा विटाळलेली कशी ठेवायची? दुकानातलं बाटलीबंद गोमूत्र त्यांना चालत नसे. मुलगा नितेश नोकरीसाठी मोटारसायकलवरून गोरेगावला जाई, ते आरे कॉलनीतून. वाटेतल्या एका तबेल्यात चार गाई होत्या. तिथून तो दर आठवड्याला ताजं घेऊन येई. शिंपडून झालं की बाईंना बरं वाटायचं. निदान तेवढा कोपरा तरी सुधारला, असं वाटायचं.

हे सगळं दिवाळीत सुरू झालं. खाली पोरांनी लावलेली फटाक्यांची लांबलचक माळ वाजली, बाबल्या घाबरून देव्हाऱ्याखाली शिरला आणि तिथेच त्याला झालं. जनावर आहे, भ्यालं, म्हणून बाईंनी सोडून दिलं. तेव्हा कोणाला ठाऊक होतं की तो त्या जागेचा मालकच होऊन बसेल!

दुसऱ्या कोणाच्या घरात बोका एव्हाना बाहेर गेला असता. या घरात तो राहिला होता, त्याचं कारण आतल्या पलंगावर बसलेलं होतं.

शिवदास तळवडेकर हे द्रौपदीबाईंचे यजमान. आधी गिरणीत, गिरणी गेल्यावर एका औषध कंपनीच्या गोदामात आयुष्य काढलेला, भजनात पहिली चाल स्वतः धरणारा, बोलका माणूस. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला तो थोडाफार परतला, पाय काठीच्या आधाराने चालायला लागला. बोलणं मात्र बसलं ते बसलंच. शब्द यायचे, पण लोळागोळा होऊन यायचे. समोरचा म्हणायचा, "काय? परत बोला." परत बोलले की पुन्हा तेच. असं चार-सहा वेळा झालं आणि त्यांनी माणसांशी बोलणंच सोडलं. काही हवं असलं की बोट दाखवायचं, नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडायचं. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा येत. त्या जाताना हेच बजावत, "त्यांना बोलतं ठेवा. गप्प राहिले तर आहे तेवढंही जाईल."

आणि ते बोलत फक्त बाबल्याशी. बोका मांडीवर येऊन बसला की पुटपुट सुरू. "जेवलंस?" "खंय गेल्लंस?" "मेल्या, नखां काढ." बोका कधी त्यांना परत बोलायला लावत नसे. द्रौपदीबाई दाराआड उभ्या राहून ऐकत. चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याचा आवाज ऐकायला दाराआड उभं राहावं लागतं, याचं त्यांना वाईट वाटे. बोक्याचा हेवाही वाटे. पण आवाज कानावर पडतोय ना, मग मुतू दे मेल्याला, असं म्हणून त्या पुन्हा फडकं उचलत.

अडचण अशी की घरात आणखी एकजण होती. सून श्रुतिका. सहावा महिना सरत आलेला, आणि तिला हल्ली कसलाच वास सहन होत नव्हता. स्वभावाने पोर गरीब, कधी उलटून बोलली नाही. पण सकाळी चहा ठेवायला स्वयंपाकघरात आली की पदर नाकाला लावून तशीच मागे फिरायची.

"आई, मी काही म्हणत नाही," एकदा ती म्हणाली. "पण बाळ आल्यावर काय करायचं?"

याला द्रौपदीबाई काय सांगणार? त्यांनी उपायांची रांग लावली. ट्रे बाल्कनीतून मोरीत नेला, मोरीतून परत बाल्कनीत. माती बदलली. कोपऱ्यात संत्र्याच्या साली ठेवल्या; बोक्याने त्या बाजूला सारल्या. मिक्सरचा खोका हलवला. तेवढी जागा त्याला अधिकच मोकळी झाली. शेवटी नितेशने त्याला पिशवीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. बाई सोबत गेल्या.

डॉक्टर अबोली म्हणजे तरुण मुलगी, बोलायला गोड. तिने बाबल्याचं पोट दाबून पाहिलं, लघवी तपासली. आजार नव्हता. नसबंदी आधीच झालेली होती.

"काकी, तिथे पुसायला काय वापरता?"

"पावडर. आणि फिनेल."

"फिनेल बंद करा. अजून काही घालता का त्या जागेवर?"

"नाय गो. आणखी काय घालणार?" द्रौपदीबाई म्हणाल्या, आणि अगदी खरं बोलतोय असंच त्यांना वाटलं. गोमूत्र म्हणजे काय घालायची वस्तू? ते तर शिंपडायचं. दवाखान्यात कोणी विचारलं, काय काय खाता, तर देवाचं तीर्थ कोणी सांगतं का? तसंच हे. त्यांच्या डोक्यात ते आलंच नाही. डॉक्टरांनी वास घालवणारं एक औषध दिलं. बाईंनी ते इमानाने वापरलं, फिनेल बंद केलं, आणि वरून, अर्थातच, नेहमीसारखं गोमूत्र शिंपडलं.

बोका मुतत राहिला.

फाल्गुनात श्रुतिकाचं डोहाळजेवण ठरलं. त्यासाठी द्रौपदीबाईंनी हिवाळाभर बसून एक गोधडी शिवली होती. स्वतःच्या दोन जुन्या सुती साड्या, श्रुतिकाच्या आईचं एक लुगडं, आणि मधोमध शिवदासांचं भजनाला नेसायचं मऊ पडलेलं धोतर. दोन्ही घरांची ऊब बाळाला मिळायला हवी. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं तरी टाके एका रेषेत होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी ती घडी करून देवापुढे पाटावर ठेवली, हळदकुंकू लावलं, आणि बाळाच्या अंगाला लागायची वस्तू म्हणून तिच्यावर गोमूत्राचे चार थेंब शिंपडले.

सकाळी गोधडी ओली होती. वास घरभर.

 श्रुतिका पलंगावर बसली आणि रडायला लागली. तिचं रडणं बघून नितेश ओरडला, आणि तो ओरडल्यावर बाबल्या पळून शिवदासांच्या मांडीवर जाऊन बसला. शिवदासांनी डावा हात त्याच्या पाठीवर ठेवला.

द्रौपदीबाईंच्या हातात ती गोधडी होती. त्यांना इतका संताप आला, इतकं रडू आलं, की समोर कोण बसलंय हेही त्या विसरल्या. "घेऊन जा त्याका," त्या म्हणाल्या. "आताच्या आता. माका ह्या घरात तो नको."

नितेशने वडिलांच्या मांडीवरून बोका उचलला. शिवदासांनी हात घट्ट केला नाही. बायकोकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि हात काढून घेतला. झटका आल्यापासून घरातली कुठली गोष्ट त्यांना विचारून होत होती?

नितेश काही वाईट मुलगा नव्हता. कुठेतरी रस्त्यावर सोडण्यापेक्षा ओळखीची जागा बरी म्हणून त्याने बाबल्याला आरेतल्या त्याच तबेल्यात नेऊन सोडलं. तिथे दूध आहे, उंदीर आहेत, मोकळं रान आहे. मजेत राहील, असं त्याने घरी येऊन सांगितलं. सगळ्यांना ते पटवून घ्यायचंच होतं.

डोहाळजेवण पार पडलं. कोपरा कोरडा राहिला. श्रुतिका सकाळी स्वतः चहा करू लागली, आणि तिच्या तोंडावर जरा रंग दिसायला लागला. बाईंनी गोधडी तीनदा धुऊन वाळत घातली. सगळं कसं सुरळीत झालं, म्हणाल तर.

शिवदास मात्र दिवसभर खिडकीकडे बघत. पुटपुट बंद झाली. बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या, त्यांनी चित्रांचे पत्ते समोर धरले, पाणी म्हणा, घर म्हणा म्हणून विनवलं. शिवदासांनी डोळे मिटून घेतले. बाहेर आल्यावर त्या बाई विचारू लागल्या, "मध्यंतरी तर बरे होते ना? काय झालं एकदम?" द्रौपदीबाईंनी मान खाली घातली. दाराआड उभं राहून ऐकावं असं आता घरात काही उरलं नव्हतं.

त्यानंतर एका दुपारी डॉक्टर अबोलीचा फोन आला. बाबल्याला लस द्यायची तारीख जवळ आली होती.

"तो आता नाय आमच्याकडे," द्रौपदीबाई म्हणाल्या. बोलता बोलता त्यांनी सगळं सांगितलं. गोधडी, पाट, श्रुतिकाचं रडणं. "काय सांगू तुला. किती सोवळ्यात ठेवलेली मी. देवासमोर. वर गोमूत्र शिंपडलेलं."

डॉक्टरने लगेच विचारलं.

"काकी, त्या कोपऱ्यातही शिंपडायचात का?"

"दर वेळी. शुद्ध नको करायला?"

"अहो काकी," डॉक्टर हळू आवाजात म्हणाली, "तुमच्यासाठी ते पवित्र. त्याच्यासाठी ते दुसऱ्या जनावराचं मूत. आपल्या घरात दुसरं कोणीतरी येऊन मुतून जातंय, म्हटल्यावर तो वरून आपला वास ठेवणारच. बहुतेक म्हणूनच थांबत नव्हता. मी विचारलं होतं हो तुम्हाला."

"विचारलेलंस," द्रौपदीबाई म्हणाल्या. फोन ठेवून त्या देव्हाऱ्याखालच्या कोपऱ्यासमोर खाली बसल्या. दिवाळीत तो एकदा भ्याला होता. नंतरचं सगळं त्यांनीच त्याच्याकडून करवून घेतलं होतं, स्वतःच्या हाताने, तुळशीच्या पानाने. आणि वर त्यालाच मेल्या म्हणत होत्या.

संध्याकाळी त्यांनी मुलाला आणि सुनेला समोर बसवून सांगितलं. नितेश कपाळाला हात लावून बसला. आधी श्रुतिकाच बोलली, "आणा त्याला परत. बाबांची अशी अवस्था मला बघवत नाही."

रविवारी रिक्षा केली. शिवदासांना पुढच्या वळणापर्यंत तरी फिरवून आणू, असं म्हणून खाली उतरवलं आणि आत बसवलं. पवई मागे टाकून रिक्षा आरेच्या झाडीत शिरली तेव्हा बाईंनी त्यांच्या कानाशी सांगितलं, "बाबल्याक आणूक जातंव." शिवदास एकदम सरळ बसले.

तबेल्याचा मुकादम गोठ्यातून हात पुसत बाहेर आला. नितेशला तो ओळखत होता.

"बोका? होता ना. दोन-तीन दिवस इधरच होता, चाऱ्याच्या खोलीत," तो म्हणाला. "मग दिसला नाय. हमने सोचा, तुम्हीच घेऊन गेलात."

"आसपास कुठे असेल?" नितेशने विचारलं.

मुकादमाने गोठ्यामागच्या रानाकडे बघितलं. "भाऊ, इथे बिबट्या फिरतो. अंधार पडला की आमचे कुत्रे पण दार सोडत नाहीत. आता काय बोलू?"

द्रौपदीबाईंनी मागे वळून पाहिलं. शिवदास रिक्षातून उतरले होते. काठी टेकत, कोणाची मदत न घेता, ते गोठ्याच्या कुंपणापर्यंत आले. मुकादमाचं बोलणं त्यांनी ऐकलं की नाही कळेना. त्यांनी कुंपणाच्या बांबूला धरलं आणि हाक मारली.

"बाबल्या!"

गाईंनी माना वर केल्या. चारा टाकणारी माणसं थांबली. त्या हाकेत एक अक्षर मोडलेलं नव्हतं. नितेशने आईचा दंड धरला. "आई, ऐकलंस? किती स्पष्ट…" 

"बाबल्या! हयसर ये!"

झाडीत काही हललं नाही. शिवदास हाका मारत राहिले, दर हाकेला आवाज जास्तच मोकळा होत गेला. वर्षभर द्रौपदीबाईंनी याच आवाजासाठी देवाला हात जोडले होते. आता तो ऐकताना त्यांना कानांवर हात ठेवावेसे वाटत होते.

मग ते थांबले आणि बायकोकडे वळले. झटक्यानंतर पहिल्यांदा ते तिच्या डोळ्यांत बघून बोलले.

"बाबल्या खंय?"

येईल, इथेच असेल, असं सांगता आलं असतं. बाईंच्या ओठांवर ते आलंही होतं. "मीच घालवलंय त्याका," त्या म्हणाल्या. "त्येची काय एक चूक नव्हती. चूक माझी."

शिवदासांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं.  पुन्हा रानाकडे तोंड केलं आणि पुन्हा हाक मारली, या वेळी हळू, मांडीवर बसलेल्याला मारावी तशी.

"बाबा, चला आता," नितेश पुढे झाला.

द्रौपदीबाईंनी त्याला हाताने मागे ओढलं. "मारू दे त्यांका हाका," त्या म्हणाल्या.

रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं आणि तोही खाली उतरून उभा राहिला.