माठाच्या फडक्यातली बाटली

हौसाआत्या गेली, हे सांगायला चुलतभाऊ सायकलवरून बारामतीला माझ्या कॉलेजात आला. मला आधी वाटलं, ती कशाला तरी धडकून पडली... पण ती झोपेतच गेली होती.

आत्या वडिलांची थोरली बहीण. कन्हेरीला आमच्याच घरात राहायची, वांगी-गवार पिकवायची. तिला काचबिंदू होता. पुण्याच्या डॉक्टरांनी डोळ्यांतला दाब उतरवणारे, रोज घालायचे थेंब दिले होते. बजावलं होतं, हा आजार दुखत नाही, पण गेलेली नजर परत येत नाही. सारखं पुण्याला यायला नको. बारामतीत वसंतरावांकडून डोळ्यांतला दाब मोजून घ्या, गरज पडली तर ते पाठवतील. वसंतराव नेत्रतपासणी शिकलेले, चष्म्याचं दुकान चालवणारे. आत्याबरोबर मी जायचे.

दाब दर वेळी ठीक निघायचा. तरी आत्या दाराच्या डाव्या चौकटीवर आपटायची. मी हे भीतभीत सांगितलं, तेव्हा वसंतरावांनी तिचा उजवा डोळा झाकून डाव्या बाजूनं पेन पुढं आणलं. "दिसलं की सांगा, मावशी." पेन जवळजवळ नाकासमोर आलं तरी ती गप्पच.

"थेंब रोज घालता ना?"

"रोज कशाला? तुमच्याकडं यायचं आसलं की दोन दिस आदी घालते की. सायेब यायच्या आदी गावात सडा मारत्यात, तसं."

वसंतराव हसले नाहीत. "मग मी नुसता सडाच बघत आलो, मावशी."

त्यांनी शेजारच्या बूथवरून लगेच पुण्याला फोन लावला. बाकावर आत्यानं माझं मनगट आवळून धरलं. "पोरी, उजवा तरी ऱ्हाईल न्हवं?"

पुण्यात ऑपरेशन झालं. उजवा राहिला. मग मात्र थेंब कधी चुकला नाही. माठाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्यात ती बाटली खोचून ठेवायची, गार राहावी म्हणून.

हा आजार घराण्यात उतरू शकतो, सगळ्यांनी तपासून घ्या, असं वसंतराव म्हणाले होते. मी टाळत होते... भीती वाटायची. आत्याचं तेरावं झाल्यावर गेले. त्यांनी दाब मोजला, पुन्हा मोजला आणि हळूच म्हणाले, "पुण्याला दाखवून ये, बाळ."

आता माठाच्या फडक्यात माझी बाटली असते. थेंब पडला की डोळे मिटून बसते. आणि उघडले की आधी दाराची डावी चौकट शोधते.