काटामामांची सॅक

काटामामांच्या हातात कुठलीही वस्तू दिली, की ते आधी तिचं वजन सांगत आणि मग ती काय आहे ते बघत. पेरू असो, कुलूप असो, लग्नाची पत्रिका असो. तुमचे बाबा बारा दिवसांचे असताना मामा बघायला आले. बाळाला दोन्ही तळव्यांवर घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "तीन किलो शंभर. झबलं धरून." दवाखान्याच्या कार्डावर तीन किलो लिहिलेलं होतं.

रेवा, ईशान, तुमचा फोटो मिळाला. खोलीभर पसरलेलं सामान, मधे दोन उघड्या सॅक, आणि खाली प्रश्न: आजी, यातलं काय कमी करू? खरं सांगायचं तर मला आता याद्यांचा शीण येतो. भाजीची यादीसुद्धा अर्ध्यावर सोडून देते. एके काळी तीस माणसांच्या आठ दिवसांच्या सामानाची यादी मी एका बैठकीत लिहीत असे आणि त्यात मिठाची पुडीही सुटत नसे. ते ज्यांच्याकडून शिकले त्यांच्याबद्दल लिहिते. सामानाचं तुमचं तुम्ही ठरवा.

मामा आमच्या नांदेडच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. कॉलेजात शिपाई आणि मदतनीस सगळेच मामा. हे तराजू सांभाळत, म्हणून काटामामा. उमरीकडच्या एका कोरडवाहू खेड्यातले, दहावी झालेले. कॉलेजच्या गिर्यारोहण मंडळाचे प्रमुख कागदावर कुणी ना कुणी प्राध्यापक असत, पण दरवर्षी सह्याद्रीत मुलं नेत ती मामाच. मी इंग्रजी शिकवत होते. मुलींना न्यायचं तर सोबत एक बाई हवी, म्हणून प्राचार्यांनी माझं नाव घातलं. मी लातूरची, सपाट मुलखातली. गच्चीच्या जिन्यापलीकडे काही चढलेलं नव्हतं.

निघायच्या दोन दिवस आधी प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरली जाई. ज्याने त्याने आपलं सामान आणून तिच्यावर मांडायचं. मामा आकड्याला वस्तू टांगून तोलायचा काटा घेऊन उकिडवे बसत आणि एकेक जिन्नस उचलून विचारत, "हे लागतंय, का लागंल असं वाटतंय?" लागतंय ते उजवीकडे, वाटतंय ते डावीकडे. डावीकडचा ढीग नेहमी मोठा होई आणि तो घरी जाई. पहिल्या वर्षी माझ्या पिशवीतून दोन जादा साड्या, छत्री, पितळी फुलपात्रं आणि एक जाडजूड इंग्रजी कादंबरी निघाली. कादंबरी त्यांनी हातावर तोलली.

"बाई, हे पाऊण किलो हाय. वाचलंय का?"

"वाचलंय की. दोनदा वाचलंय."

"मंग डोक्यात हाय. पाठीवर काहून घेऊन राहिल्या?"

मुली तोंडाला ओढणी लावून हसल्या. मी प्राध्यापक, ते मदतनीस. मला राग यायला हवा होता. पण पुस्तक मी मुकाट्याने डावीकडे ठेवलं. त्या दिवसापासून यादी लिहायचं काम माझ्याकडे आलं. मामा तोलायचे, आकडा सांगायचे आणि मी लिहायचे. आम्ही दोघं निवृत्त होईपर्यंत आणि त्यानंतरही हे असंच चाललं.

आमच्याकडे डोंगर नाही, मग सराव कुठे करणार? मामांनी त्यावर ज्वारीचा उपाय काढला होता. महिनाभर आधीपासून रोज सकाळी सॅकमध्ये ज्वारी भरून विज्ञान विभागाच्या इमारतीचे जिने चढायचे. मुलग्यांना दहा किलो, मुलींना आठ. ज्वारी त्यांच्या शेतातली. शेवटच्या रविवारी परीक्षा: तिसऱ्या मजल्यापर्यंत पाच खेपा, मधे बसायचं नाही. पास झालेल्यांची ज्वारी त्या दिवशी गिरणीत जाई आणि तिच्या कडक भाकरी होऊन डोंगरावर येत. मामा म्हणत, "आपुन जे उचललं तेच आपुन खायाचं." जो नापास होई त्याचं नाव यादीतून मी खोडायची. त्यात वशिला चालत नसे. एकदा उपप्राचार्यच दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला धरून बसले. आता काय होतं म्हणून मुलं बघत राहिली. मामांनी त्यांना पाणी दिलं, त्यांची सॅक स्वतःच्या खांद्यावर घेऊन खाली आणली आणि मला म्हणाले, "बाई, सायबाचं नाव खोडा." साहेबांनी पुढे चार महिने मामांशी बोलणं टाकलं. मामांच्या ते लक्षातही आलं नाही.

त्यांचा हा काटा एकाच गोष्टीपुढे हरायचा. टूथब्रशची दांडी अर्धी कापायला लावणारा हा माणूस पाणी मात्र प्रत्येकाला तीन लिटर घ्यायला लावी. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला एका म्हाताऱ्याने आमची वरात पाहून विचारलं, "ओ पाव्हणं, वर टाकी भरल्यात. पाणी कशाला वाहताय?" मामा म्हणाले, "भरली आसतील. दिसल्याबगर कसं मानावं?" वर गेलो तर कातळातली टाकी काठोकाठ भरलेली, थंडगार. मुलं ओणवी होऊन प्यायली. मामा काठावर बसून ते पाणी बराच वेळ बघत राहिले आणि आपल्या बाटलीतलं कोमट पाणी पीत राहिले. त्यांच्या गावाला माघापासून टँकर लागायचा. माझ्याही लातूरला नळाला पाणी येणं हा आठवड्यातला सण होता. मुलं त्यांना हसली. मी हसले नाही, आणि माझीही बाटली भरलेलीच होती.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

निवृत्तीनंतर जुन्या विद्यार्थ्यांनी मंडळ चालू ठेवलं. विलास नावाचा एक जण, आता स्वतः कॉलेजात शिकवतो, तो सगळं जुळवून आणायचा. सहा वर्षांपूर्वी त्याने हिमाचलचा बेत काढला. नांदेडहून पंजाबात जाणाऱ्या गाडीने जायचं, पुढे बसने, आणि मग पाच दिवस पायी. चौदा माणसं. मामा सत्तरीचे झाले होते, मी अडुसष्टची. त्यांच्या बायकोला जाऊन तीन वर्षं झाली होती, उजवा गुडघा जिन्यावर कुरकुरायचा आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. काट्यावरचे आकडे दिसेनात म्हणून काटा त्यांनी माझ्याकडे दिला होता. पण हिमाचल म्हटल्यावर ते ताठ बसले. आयुष्यभर त्यांनी मुलं सह्याद्रीत नेली. बर्फ कधी पाहिला नव्हता.

"बरफ एकदा हातावर तोलून बघायचाय, बाई," ते म्हणाले. "लोक सांगतात हलका आसतो. मला काही पटंना."

नियम तोच ठेवायचा, असं त्यांनीच बजावलं. प्रत्येकाने आपलं ओझं आपण वाहायचं. महिनाभर आम्ही म्हातारे त्याच इमारतीचे जिने चढलो. सकाळी परत आल्यावर मी दिवाणखान्यातच आडवी होई. कशाला हा अट्टहास, असं रोज वाटे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बूट घाली. मामा त्या महिन्यात फारसे बोलत नव्हते. उतरताना आडवे पाय टाकून उतरत.

परीक्षेच्या दिवशी मी काटा घेऊन व्हरांड्यात उभी राहिले. सगळ्यांच्या सॅक तोलून झाल्या. शेवटी मामांची सॅक आकड्याला लावली. चांगली टम्म फुगलेली होती. काट्याची सुई दोन किलोच्या पुढे गेलीच नाही. मला वाटलं काटा अडकला. मी सॅकचं तोंड थोडं उघडलं. आत ज्वारीच्या लाह्या होत्या, गळ्यापर्यंत भरलेल्या.

मामा माझ्या अगदी जवळ उभे होते. खाली बघत म्हणाले, "ज्वारीच हाय, बाई."

विलासने पलीकडून विचारलं, "मॅडम, मामांचं किती?"

मी म्हणाले, "दहा." आणि वहीत दहा लिहिलं. हाताने लिहिलं, डोकं वापरलं नाही.

मामांनी पाचही खेपा केल्या. शेवटच्या खेपेला घाम पुसत खाली आले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विलास त्यांच्या पाया पडला. मी माझ्या आठ किलोंच्या खेपा कशाबशा संपवल्या आणि घरी आले. संध्याकाळपर्यंत मला एकच दिसत होतं. पाच दिवसांची वाट, दहा किलोंचं ओझं, तो गुडघा, आणि आसपास दवाखाना नाही. सॅक दुसऱ्या कुणाला घ्यावी लागली असती तर मामांना ते मरणापेक्षा वाईट वाटलं असतं, आणि नसती घेतली तर खरंच काही झालं असतं. माझ्या एका आकड्यावर हे सगळं उभं होतं.

दुसऱ्या दिवशी पाय उचलत नव्हते, तरी रिक्षा करून मी त्यांच्या घरी गेले. ते ओसरीवर बसले होते. समोर सुपात लाह्या, नातवंडांना वाटून उरलेल्या. मी बसले. काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "खोडायला आल्या का?"

"मामा, तिथे खरंच दहा किलो असणार आहेत."

"हाव. ठाऊक हाय."

"मग मी काय करू?"

त्यांनी सुपातली एक लाही उचलली, परत ठेवली. "मीच खोडलं असतं, बाई. लई येळा वही मागावी म्हणलं तुम्हाला. हुईना." मग सूप बाजूला सारत म्हणाले, "विलासला सांगा, लेकीकडं शिरूर अनंतपाळला काम निघालं म्हणावं. लाह्याचं बोलू नका."

मी वही काढली आणि त्यांच्यासमोर नाव खोडलं. पंचवीस-तीस वर्षांत मी किती नावं खोडली असतील. वही पिशवीत टाकली आणि उठले. निघताना त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं नाही. स्टेशनवरही आले नाहीत.

हिमाचलात आम्ही गाडीरस्त्यावरच्या शेवटच्या खेड्यात पोचलो. पहाटे सगळे आपापल्या सॅक पाठीवर चढवून, पट्टे आवळून रांगेत उभे राहिलो. वाटाड्या आमच्याकडे बघतच राहिला. "ये क्या कर रहे हो? सामान इधर रख दो. खच्चर ले जाएगा."

अंगणात सहा खेचरं उभी होती. तिथे सगळ्यांचं सामान खेचरांवरच जातं. विलासला कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्याने विचारलंच नव्हतं. त्याला काय, आम्हा कुणालाच ते विचारायचं सुचलं नव्हतं. दुसऱ्या माणसाने किंवा जनावराने आपलं ओझं वाहायचं असतं, हे आमच्या यादीत कुठे बसतच नव्हतं. पाच दिवस मी पाण्याची बाटली आणि स्वेटर एवढंच घेऊन चालले. तिसऱ्या दिवशी आमच्या मागून एक पंजाबी आजीबाई आल्या, माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठ्या. खेचरावर बसून, मांडीवर डबा धरून, आरामात. त्यांनी मला हात केला. मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसले आणि विलासला म्हटलं, पुढे हो, मला दम लागलाय.

खिंडीत बर्फ होता. मामांचा काटा मी नेला होता. रुमालात ओंजळभर बर्फ दाबून बांधला आणि तोलला.

परत आल्यावर चार दिवसांनी त्यांच्याकडे गेले. सुनेने चहा ठेवला. विलासला मी आधीच सांगून ठेवलं होतं, मामांना फोटो दाखवू नकोस, त्यांना वाईट वाटेल. तो हो म्हणाला होता, कारण त्याला वाटलं मी बर्फाच्या फोटोंबद्दल बोलतेय. मला धास्ती होती ती खेचरांच्या फोटोंची.

मामांनी विचारलं, "वझं झेपलं का?"

माझ्याकडे खरं उत्तर होतं. ते सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं की लाह्या भरायची गरज नव्हती, आणि खोडायचीही नव्हती.

"नाही झेपलं, मामा," मी म्हणाले. "शेवटच्या दोन दिवसांत खांदे सोलून निघाले."

त्यांनी मान पुढे काढून माझ्याकडे पाहिलं. मोतीबिंदूमुळे त्यांना किती दिसत होतं ठाऊक नाही. मग त्यांचा चेहरा सैल झाला. "मंग बरं झालं तुम्ही खोडलं," ते म्हणाले. "मी तर तिथंच बसलो असतो. समद्यांचा खोळंबा." आणि त्यांनी सुनेला हाक मारली, "बाईला साखर जरा जादा टाक गं, लई दमून आल्यात."

मग बर्फाचं विचारलं. मी सांगितलं, ओंजळभर बर्फ, पाव किलोला थोडा कमी.

त्यांनी रिकामी ओंजळ समोर धरली, डोळे मिटले आणि जरा खालीवर केली. "हां," म्हणाले, "एवढा आसंल तर घेता आला असता."

पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले.