शिकलेला माणूस

श्री. शामरावजी वासेकर यांची माझी पहिली भेट अहेरीच्या नव्या रस्त्यासाठी काढलेल्या दगडखाणीत झाली. ते बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. मी एका साप्ताहिकासाठी रस्त्याची हकिकत लिहायला गेलो होतो. नमस्कार होताच त्यांनी ठेक्याच्या अटींचा कागद माझ्यापुढे धरला. "तुम्ही लिहिणारे. पाहा बरं, माझ्या मराठीत काही चुकलं काय?"

त्यात लिहिले होते: मजुरांकडून आठ तासांहून अधिक काम घेऊ नये. सुरुंगावर शिकलेला माणूसच ठेवावा. मला चूक दिसली नाही.

ती चूक थोड्या वेळाने खाणीत दिसली. वर्षानुवर्षे सुरुंग लावणारे चैतूभाऊ मडावी दगड वाहत होते आणि सुरुंगापाशी काडेपेटी घेऊन वरोऱ्याचे गोपाळराव उभे होते. शामरावजींनी त्यांना थांबवून विचारले, "बत्ती लावल्यावर पळायचं कुठी?"

गोपाळरावांनी खिशातून सूचनांचा कागद काढला आणि स्पष्ट आवाजात वाचायला सुरुवात केली.

"भाऊ," मागून चैतूभाऊ म्हणाले, "तुमचं वाचून होईतोवर पहाड उडून जाईल ना."

मजूर हसले. शामरावजी हसले नाहीत. त्यांनी काडेपेटी काढून घेतली आणि ठेकेदाराला बोलावले.

"साहेब, तुम्हीच लिवलं, शिकलेला माणूस पायजे," ठेकेदार म्हणाला. "चवथी पास आणला. चैतूले तं सही बी येत नाई. आता मलेच काऊन बोलून राह्यले?"

आपल्या भागात शिकलेला म्हणजे शाळा शिकलेला, हे आम्हा दोघांनाही सुचले नव्हते. "चूक माझ्या मराठीची आहे," शामरावजी सर्वांसमोर म्हणाले. "गोपाळरावांना काढायचं नाही." तो शब्द खोडून त्यांनी लिहिले, 'सुरुंगाचे काम करून दाखवलेला'. चैतूभाऊ पुन्हा सुरुंगावर आले आणि गोपाळराव त्यांच्या हाताखाली शिकू लागले.

"मंग शिकवनं सांजच्याला ठेवू, काम उरकल्यावर," ठेकेदाराने सुचवले.

"शिकणं हेही कामच. ते आठ तासांतच बसवा. थकलेल्या माणसाच्या हाती मी बत्ती देणार नाही."

शिकवण्यात कामाचे तास गेले आणि रस्ता पावसाळ्यापूर्वी पुरा झाला नाही. वरून विचारणा झाली, शामरावजींची बढती मागे पडली. उत्तरात त्यांनी ठेकेदाराकडे बोट दाखवले नाही; 'शब्द माझा होता', एवढेच कळवले. त्या खाणीतून मात्र एकही माणूस जायबंदी होऊन घरी गेला नाही.

निवृत्तीनंतरही ते वरोऱ्यात नव्या मिस्त्रींना शिकवतात. वेळ झाली की त्यांना घरी पाठवतात आणि स्वतः नकाशे उघडून बसतात.

शामरावजींच्या साठीनिमित्त हा लेख लिहिण्याआधी मी धानोऱ्याला चैतूभाऊंना भेटलो. तुमच्या वतीने काय लिहू, असे विचारले.

"लिवा, साहेब, तुमचे आठ तास कवाच भरले. आता बसा जरा."

शामरावजी हे ऐकतील असा माझा अनुभव नाही. तरीही त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि जे कलम त्यांनी साऱ्यांसाठी राखले, ते आता त्यांनी स्वतःलाही लावावे, एवढेच आम्हा सर्वांचे मागणे.