पडद्यावरचा जुना आकडा

ऑफिसात त्याला सगळे 'टापटीप' म्हणत. त्याच्या टेबलावरच्या वायरीसुद्धा विंचरून ठेवल्यासारख्या. रुग्णाच्या खाटेजवळ जो डबा असतो, त्यातला प्रोग्रॅम तो लिहायचा. नाडीचे आकडे नर्सच्या खोलीतल्या पडद्यावर पोचवायचं काम त्या डब्याचं. डबा रीस्टार्ट करण्याआधी टापटीप पडद्याच्या जागी लावलेल्या आपल्या लॅपटॉपची जोडणी न चुकता बंद करायचा. "निरोप घेतल्याशिवाय जातच नाहीस का रे?" असं म्हणून मी त्याची टर उडवायचो. तो मान वर करायचा नाही.

मग एका हॉस्पिटलात एक म्हातारा गेला. नाडी मंदावत चालली होती आणि पडद्यावर आधीचाच आकडा बसून राहिला होता. ड्यूटीवरच्या नर्सला घरी बसवलं. आमचे साहेब म्हणाले, "डबा धडधाकट आहे. बाईनंच डुलकी काढली असणार." उचलली जीभ, लावली टाळ्याला!

टापटीपनं तोच डबा मागवला आणि हात धुऊन त्याच्या मागे लागला. कितीही वेळा रीस्टार्ट केला, तरी डबा शहाण्यासारखा चालायचा. शेवटी वैतागून त्यानं जोडणी चालू असतानाच प्रोग्रॅम बंद पाडला. डबा मुका झाला.

प्रोग्रॅम अडकला की डबा तो आपणहून पुन्हा सुरू करतो. पण चालू जोडणी अशी मध्येच तुटली, की पोर्ट, म्हणजे आकडे पाठवायचं दार, काही वेळ तिच्याच नावावर राहतं. भाडेकरू गेला तरी कुलूप त्याचंच, तसं. नव्यानं सुरू झालेला प्रोग्रॅम ते दार एकदाच मागायचा, आणि मिळालं नाही की गप्प; पडद्यावर शेवटचा आकडा तसाच. 'तेच दार पुन्हा वापरू दे' असं सांगणारी एक ओळ लागते. टापटीपनं ती लिहिलीच नव्हती. त्याच्या टेबलावर लॅपटॉप आधीच बाजूला व्हायचा, त्यामुळे दार नेहमी मोकळंच मिळायचं.

"ओळ घाल, सगळे डबे बदल आणि तोंड मिटून बस," साहेब म्हणाले.

"आणि ती नर्स?"

"तिचं हॉस्पिटल बघेल."

मला साहेबांची किळस आली. डबा उचलून टापटीप हॉस्पिटलात चाललेल्या चौकशीला गेला आणि सगळ्यांदेखत तो मुका करून दाखवला. त्याच दिवशी त्याची नोकरी गेली. नर्सला परत बोलावणं गेलं.

ती कामावर आली नाही. आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. तिनं पाणी दिलं. टापटीपनं ग्लासला हातही लावला नाही.

"ताई, चूक माझ्या प्रोग्रॅमची होती. तुमची काहीच नव्हती."

"त्या म्हाताऱ्या बाबांनी हाक मारली होती मला," ती म्हणाली. "मी पडद्याकडे बघितलं. आकडा चांगला होता. म्हटलं, येते हं बाबा, एवढं हातातलं आवरून."