करून राह्यलो

श्रमसंचय सहकारी जिनिंग-प्रेसिंग संस्थेत नजीरची नेमणूक झाली, तेव्हा हुकमावर त्याचं काम एका ओळीत लिहिलेलं होतं: ‘अध्यक्षांच्या दैनंदिन कामकाजात सहकार्य करणे.’ खामगावच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून असलेली ही संस्था. त्या ओळीचा अर्थ नजीरला पहिल्याच दिवशी कळला. अध्यक्ष खुर्चीत बसणार आणि उरलेलं सगळं सहकार्यात मोडणार.

अध्यक्ष म्हणजे अर्जुनराव. सलग चौथ्यांदा बिनविरोध. बिनविरोध अशासाठी की, ज्याच्यासाठी भांडावं असं त्या संस्थेत काही उरलंच नव्हतं. निम्मी यंत्रं बंद पडलेली, कापसाच्या गठाणी, म्हणजे गाठी, बांधायचा प्रेस गंजलेला, आवारात गवत माजलेलं. पण अध्यक्षांचा थाट मात्र दिल्लीच्या राष्ट्रपतींनी येऊन शिकावा असा. टेबलावर पितळी दांडीचा छोटा झेंडा, पाठीमागं भिंतभर जगाचा नकाशा. त्या नकाशात कापूस पिकवणारे देश कोणते, असं कुणी विचारलंच तर अर्जुनराव लगेच चहा मागवीत.

आपल्या कारभाराचे त्यांनी दोन भाग केले होते. संस्थेच्या फाटकाबाहेरचं सगळं ‘परराष्ट्र’ आणि फाटकाच्या आतलं ‘अंतर्गत’. खामगावचे व्यापारी, बियाण्यांचे कंपनीवाले, मुंबई-पुण्याचे साहेब हे परराष्ट्र. सभासद, हमाल, रखवालदार हे अंतर्गत. सकाळी अकराला येऊन खुर्चीत टेकले की विचारायचे, ‘‘नजीर, आज परराष्ट्रात काय हाये?’’ बहुतेक दिवशी काहीच नसायचं. मग नजीर वर्तमानपत्रातली एखादी बातमी वाचून दाखवायचा आणि अध्यक्ष गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, ‘‘यायच्यावर आपल्याले लक्ष ठेवा लागते.’’

परराष्ट्र धोरण म्हणजे शाल आणि नारळ. कपाटात अकरा शाली होत्या. आलेली शाल घडी न मोडता पुढच्या पाहुण्याच्या खांद्यावर जायची. एकदा एका साहेबाला त्यानंच दिलेली शाल परत पांघरली गेली. त्यालाही ती ओळखता आली नाही, कारण देताना त्यानंही ती उघडून पाहिली नव्हती. अंतर्गत धोरण तर एका शब्दात आटोपायचं. कुणी कशासाठीही आलं की, ‘‘पाहू.’’

नजीरचा बाप गावोगाव फिरून गाद्या पिंजायचा. उर्दू शाळा लांब होती, म्हणून पोराला त्यानं गावच्या मराठी शाळेत घातलं. गुरुजींनी त्याचं अक्षर आणि वाचन इतकं घोटून घेतलं की, पुण्याच्या माणसानं फोनवर ऐकलं तर हा सदाशिव पेठेतलाच कुणी असं वाटावं. अर्जुनरावांची गोष्ट उलटी होती. पुण्याच्या एका सहकार शिबिरात त्यांनी भर सभेत ‘का’ऐवजी ‘काऊन’ म्हटलं आणि मागच्या दोन रांगा हसल्या. तेव्हापासून या माणसानं आपल्या आईच्या बोलीचीच लाज धरली. परराष्ट्रातलं कुणी आलं की नजीरनं शुद्ध मराठीत चिठ्ठी लिहून द्यायची आणि अध्यक्षांनी ती अडखळत वाचायची.

नजीरला या माणसाची मनापासून किळस होती. घरी गेल्यावर तो बायकोसमोर, महेजबीनसमोर, अध्यक्षांची हुबेहूब नक्कल करायचा. ती पोट धरून हसायची आणि मग भाकरी उलटताना म्हणायची, ‘‘इतनी हँसी आती है तो नोकरी छोड क्यों नहीं देते?’’ यावर नजीर हात धुवायला उठायचा. अशी वीस वर्षं निघून गेली.

दोन हजार सतराचा हंगाम आला. बीटीच्या कपाशीला अळी लागत नाही, हे लोकांनी बियाण्याच्या पाकिटावरच्या चित्रासारखं पक्कं मानलं होतं. त्या वर्षी कार्तिकात बोंडं अर्धीच उकलली आणि आत नखाएवढी गुलाबी अळी निघाली. सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडलेली. सभासद पिशव्या भरभरून बोंडं घेऊन संस्थेत आले आणि त्यांनी त्या अध्यक्षांच्या टेबलावर ओतल्या. एक अळी सरपटत थेट झेंड्याच्या दांडीपाशी गेली. लोक निघून गेल्यावर अर्जुनरावांनी पाय खुर्चीवर घेतले आणि विचारलं, ‘‘नजीर, हे अंतर्गत हाये का परराष्ट्र?’’

‘‘शेतं आपल्या सभासदांची आहेत साहेब. अंतर्गत.’’

‘‘पण बियाणं त कंपनीचं हाये ना बे. मंग परराष्ट्र.’’

या वादात तीन आठवडे गेले. शेवटी पुण्याहून तीन अधिकाऱ्यांची समिती येणार असल्याचं पत्र आलं. समिती पीक पाहणार आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांची नावं भरपाईच्या यादीत घालणार. अट एकच, पीक शेतात उभं पाहिजे. अर्जुनरावांची छाती फुगली. ‘‘सांग लोकायले, पऱ्हाटी उपटू नका. कमिटी आणून राह्यलो म्हना.’’ वऱ्हाडात कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. नजीर फळ्यावर नोटीस लिहायला उठला, तसं त्यांनी मागून हाक मारली. ‘‘फळ्यावर नको लिहू. उद्या कमिटी नाही आली, त लोक माह्याच दारात येतीन.’’

नजीरनं खडू ठेवून दिला. त्यानं फक्त आपल्या बहिणीला, ताहेराला फोन केला. तिचं गाव संस्थेपासून पाच कोसांवर. नवरा मतीन गवंडीकामाला बाहेर असायचा आणि चार एकर शेत तीच पाहायची. घरात ती उर्दू बोलायची, पण भांडायचं असलं की वऱ्हाडीवर यायची.

‘‘भाई, सारं गाव पऱ्हाटी उपटून राह्यलं. विहिरीले पाणी हाये तवर गहू पेरा लागते. मी कवरोक थांबू?’’

‘‘आठ दिवस थांब. समिती येणार आहे.’’

‘‘कोन म्हनते?’’

‘‘अध्यक्षसाहेब म्हणतात.’’

मग ती म्हणाली, ‘‘तू म्हनतं म्हनून थांबतो.’’ आठाचे वीस दिवस झाले. शेजारच्या पंचफुलाबाईनं पऱ्हाटी उपटून गव्हाला पहिलं पाणीही दिलं आणि ताहेराचं शेत सडकी बोंडं घेऊन उभंच राहिलं. समिती आली नसती, तर तिची कपाशीही गेली होती आणि गहूही.

समिती आली. शाली झाल्या, नारळ झाले, चिठ्ठी वाचून झाली. मोठे साहेब खुर्चीत सरसावले आणि त्यांनी चिठ्ठीत नसलेला प्रश्न विचारला. ‘‘या भागातल्या शेतांची तुमच्या संस्थेनं काही पाहणी केलीय का?’’

अर्जुनराव गांगरले आणि इतक्या वर्षांत दाबून ठेवलेली बोली तोंडातून निसटली. ‘‘पाहणी करून राह्यलो ना साहेब.’’

वऱ्हाडातलं शेंबडं पोरही सांगेल, करून राह्यलो म्हणजे करतो आहे, काम हातात आहे. अर्जुनरावांच्या बाबतीत तेही धादांत खोटं होतं. पण निदान त्या खोट्यात काम बाकी होतं. पुण्याच्या कानांना ‘करून’ एवढं ऐकू आलं आणि ‘राह्यलो’चं काय करावं ते कळेना. समितीत एक चष्मेवाल्या तरुण बाई होत्या. त्या किंचित हसल्या. ‘‘करून राहिलो म्हणजे? करून झाली ना?’’

त्या हसण्यासरशी अर्जुनरावांचे कान लाल झाले. नाही म्हणायचं तर आपली बोली समजावून सांगावी लागणार. ते त्यांना मरणाहून जड होतं. ‘‘हो, हो. करून झाली,’’ ते एकदम शुद्ध बोलले. ‘‘पूर्णपणे झाली.’’

‘‘नुकसान?’’

मोठं म्हणावं, तर आधी का नाही कळवलं असं विचारतील. ‘‘किरकोळ,’’ अर्जुनराव म्हणाले.

मोठ्या साहेबांचा चेहरा खुलला. धुळीच्या रस्त्यांवरचे दोन दिवस वाचले होते. शेगावला गजानन महाराजांचं दर्शन घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परत जाता येणार होतं. नजीर तीन हातांच्या अंतरावर रजिस्टर घेऊन उभा होता. एका वाक्याचं काम होतं. पण सवयीनं त्यानं साहेबांच्या शाली पिशवीत भरून दिल्या.

गाडी फाटकाबाहेर गेल्यावर त्याला कंठ फुटला. ‘‘साहेब, आपण एकही शेत पाहिलेलं नाही.’’

‘‘अबे, याले परराष्ट्र धोरण म्हनतात. तुले नाही समजत,’’ अर्जुनराव पानाला चुना लावत म्हणाले. ‘‘वृत्तांत लिही, अन् शेगावले जाऊन सह्या आन. सहकार्य कर जरा.’’

एसटीत खिडकीपाशी बसून नजीरनं वृत्तांत लिहिला. त्यानं लिहिलं: ‘अध्यक्ष म्हणाले, पाहणी करून राह्यलो. वऱ्हाडी बोलीत याचा अर्थ पाहणी चालू आहे असा होतो. प्रत्यक्षात एकाही शेताची पाहणी झालेली नाही. नुकसानीचा अंदाज घेतलेला नाही.’ वीस वर्षांत त्या रजिस्टरात लिहिलेली पहिली खरी नोंद ती.

शेगावच्या फलाटावर साहेब कचोरीची पुडकी घेऊन बाकावर बसले होते. त्यांनी वाचलं, परत वाचलं. ‘‘मग ते हो का म्हणाले?’’

‘‘मॅडम हसल्या म्हणून,’’ नजीर म्हणाला.

बाईंचा चेहरा उतरला. मोठ्या साहेबांनी आधी घड्याळ पाहिलं, मग आरक्षणाचं तिकीट पाहिलं, मग रुळांकडं पाहिलं. सत्य समजल्यावर या माणसाला पहिली आठवण खालच्या बर्थची झाली. शेवटी बाईच म्हणाल्या, ‘‘मी थांबते सर. उद्या सकाळी पाहून येते.’’ साहेबांनी सुटल्यासारखी सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी जीप ताहेराच्या गावात शिरली, तेव्हा पुढच्या सीटवर अर्जुनराव होते. रात्रीतून त्यांनी या प्रकरणाचं श्रेय घेऊन टाकलं होतं. ‘‘मीच म्हणालो, पाहिल्याशिवाय जाऊ नका,’’ असं ते बाईंना सांगत होते आणि बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. बुटांना चिखल लागेल म्हणून ते जीपमधून खाली उतरले नाहीत. कपाशीच्या संस्थेचा हा चार वेळचा अध्यक्ष!

शिवारात उभी पऱ्हाटी एकच होती, ताहेराची. बाईंनी वीस बोंडं तोडून फोडली. अठरा किडकी निघाली. त्यांनी कागदावर ताहेराचं नाव लिहिलं, गट नंबर लिहिला. तेवढ्यात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बायामाणसं जमली. पंचफुलाबाई पुढं आली. तिच्या हातात उपटलेल्या पऱ्हाटीची काडी होती, काळ्या बोंडांसकट.

‘‘बाई, आमचंही लिवा ना. जाळाले ठेवली हाये, दारात ढीग लागले. सारे बोंडं तसेच हायेत. चला, दाखोतो.’’

बाईंचा आवाज खाली गेला. ‘‘मावशी, नियमात उभं पीक म्हटलंय. उपटलेलं नाही धरता येत मला.’’

‘‘उभं ठेवा म्हनून कोन सांगतलं आमाले?’’

जीपमधून अर्जुनराव ओरडले, ‘‘मी त सांगतलं होतं नजीरले! लोकायले सांग म्हनलं होतं!’’

आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस अर्धं का होईना, पण खरं बोलत होता. फळ्यावर लिहू दिलं नाही, हे नजीरला ओरडून सांगता आलं असतं. पण पंचफुलाबाई अध्यक्षाकडं पाहतच नव्हती. त्याच्याकडून कुणाची काही अपेक्षाच नव्हती. ती नजीरकडं पाहत होती.

‘‘नजीरभाऊ, आमची पऱ्हाटी उभी होती तवा तुमी ताहेराकडं जेवले. तिच्या अन् माह्या घराच्या मधात एक कूड हाये. आमाले काऊन नाही सांगतलं?’’

नजीरजवळ उत्तर होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. अध्यक्षाच्या शब्दावर त्याचा स्वतःचाच विश्वास नव्हता. समिती आली नसती, तर साऱ्या गावासमोर तोंड काळं झालं असतं. बहिणीपुढं झालेलं चाललं असतं. फळ्याला मनाई होती, तोंडाला नव्हती. ज्या माणसावर वीस वर्षं तो मनातल्या मनात थुंकत आला, त्याला होती तीच भीती नजीरलाही होती आणि त्या भीतीपायी सारं गाव यादीबाहेर राहिलं होतं. स्वतःची एवढी किळस त्याला कधी आली नव्हती.

‘‘चुकलंच माह्यं, बाई,’’ तो म्हणाला. शुद्ध मराठी त्या वेळी जवळपासही नव्हती.

पंचफुलाबाईनं हातातली काडी धुऱ्यावर टाकली आणि ती बायांना घेऊन परत फिरली. जाताना ताहेराशी कुणी बोललं नाही. एक म्हातारी मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘‘घरचा मानूस साहेबापाशी पाह्यजे बापा.’’

ताहेरानं ते ऐकलं. तिनं बाईंना सही कुठं करायची ते विचारलं, कागद गुडघ्यावर ठेवून सही केली आणि पेन परत दिलं. जीपचा हॉर्न वाजला. अर्जुनराव नजीरच्या नावानं हाका मारत होते. ताहेरानं डोक्यावरची ओढणी घट्ट केली आणि भावाकडं न पाहता म्हणाली, ‘‘जाय भाई, तू जाय. मले त याच गावात राह्यचं हाये.’’