गव्हाणीजवळची झोप

माझा मुलगा सायखेड्याला जन्मला. मी धार काढायला बसले की त्याला गव्हाणीत वैरणीवर ठेवायची. गाय त्याचं डोकं चाटायची आणि तो खिदळायचा. रांगायला लागला तोही गोठ्यातच. माती, कडबा, हाताला लागेल ते तोंडात घालायचा. त्याला साधी सर्दीसुद्धा फारशी झाली नाही.

मुलगी पोटात असताना यांना सातपूरला कंपनीत काम लागलं. दुसऱ्या मजल्यावर एक खोली घेतली. तिथली फरशी मी सारखी पुसायची. मुलीचं पाणी उकळायची, दुपटी गरम पाण्यात धुवायची. मला वाटायचं, हिचं तरी नीट होतंय. ती वर्षाची झाली आणि छाती वाजायला लागली. मग दर थंडीत दवाखाना, वाफ, दम्याचा पंप.

ती सात वर्षांची असताना उन्हाळ्यात आम्ही गावी गेलो. सासूबाई म्हणाल्या, "लय जपलं तू पोरीला. पार काचंचं भांडं करून ठेवलं. गोठ्यात निजू दे चार दिस, मंग बघ."

मला ते पटलं. थोरला तिथंच धडधाकट झाला होता, मग हिचं शरीरही शिकेल, असं वाटलं. गव्हाणीजवळ गोधडी टाकली. मुलगी तर हरखूनच गेली. वासराच्या गळ्यात हात घालून बसली.

तिला शिंका यायला लागल्या तसा तिचा भाऊ म्हणाला, "अगं हळू! गाय बिथरंल."

"तूच बिथरलाय," ती म्हणाली आणि हसता हसता खोकायला लागली.

पहाटे तिचे ओठ निळसर दिसले. पंपानं काही होईना. दिरांनी गाडीत घालून निफाडला दवाखान्यात नेलं, सासूबाईही बरोबर आल्या. तिला ऑक्सिजनची नळी लावल्यावर केसांतला कडबा बघून डॉक्टरांनी विचारलं, "गोठ्यात झोपवलंत?" सासूबाईंनीच सगळं सांगितलं.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, मूल तान्हं असतं तेव्हा त्याचं शरीर धूळ, कडबा, जनावरं या सगळ्याशी ओळख करून घेतं. तुमच्या मुलाची झाली असेल. हिची नाही झाली. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, पण आता गोठ्यात नेऊन ती ओळख होणार नाही. उलट त्रासच होईल."

"मग कधी होईल?" मी विचारलं.

त्यांनी तिची नळी नीट बसवली आणि पंप कधी, किती द्यायचा ते कागदावर लिहून दिलं.

मुलगा सुट्टीभर गावीच राहिला. तिला बरं वाटल्यावर आम्ही दोघी एसटीनं परतलो. तिच्या फ्रॉकला वासराचे केस चिकटले होते. घरी आल्या आल्या मी तो गरम पाण्यात टाकला. ती मोरीच्या दारात उभी होती.

"आई, नको ना धुऊ. वासराचा वास जाईल."

मी साबण लावला आणि वास जाईपर्यंत घासत राहिले.