मागच्या बाजूचा फोटो

काडेपेट्यांची जुनी लेबलं जमवणाऱ्यांचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. दर रविवारी चार ते पाच तिथे लिलाव होतो आणि तो मी चालवतो. नियमही माझेच. वस्तूचा पुढून आणि मागून फोटो हवा. पाचनंतरची बोली धरत नाही, मग नेटवर्क गेलं म्हणून कुणी कितीही गळा काढो. त्या वेळी कुणाला लग्नाला किंवा चर्चमध्ये मिस्साला जायचं असेल, तर त्याने आपली शेवटची बोली मला आधी खासगीत कळवायची. त्याच्या वतीने मी बोलतो. त्यामुळे मी स्वतः बोली लावायची नाही. दुसऱ्याचे पत्ते बघून खेळणं ही लबाडी झाली, असं मी मोठ्या तोऱ्यात ग्रुपवर लिहिलं होतं.

गेल्या वर्षी केळीच्या घडाचं एक लेबल लिलावाला आलं. उमेळ्याच्या एका शिक्षकांनी शुक्रवारीच आपली बोली कळवून ठेवली. मागच्या बाजूचा फोटो विकणाऱ्याने शनिवारी पाठवला, तोही दोनदा मागितल्यावर. पेन्सिलीने रंगांची मापं लिहिली होती आणि इंग्रजी सातच्या मध्ये आडवी रेघ होती.

असा सात माझे वडील काढायचे. वालीवच्या छापखान्यात ते रंग मिसळायचे. ते गेल्यावर घर बदलताना त्यांचे सगळे कागद रद्दीत घालणारा शहाणा मीच. त्यांच्या हातचं एक अक्षर घरात उरलेलं नाही.

लिलाव दुसऱ्या कुणाकडे सोपवता आला असता, पण शिक्षकांची बोली मला ठाऊक झाली होती. ग्रुपवर खरं सांगितलं असतं, तर माझ्यासाठी सगळे मागे सरले असते आणि विकणाऱ्याचं नुकसान झालं असतं. रविवारी चार वाजता मी नेहमीसारखा लिलाव सुरू केला. पाच वाजता लेबल शिक्षकांना गेलं. मी त्यांचं जाहीर अभिनंदन केलं. मला फार वाईट वाटत होतं.

आठवड्याभराने त्यांचा मेसेज आला. ‘सर, लेबल मिळालं, एकदम मस्त! मागे कोणीतरी पेन्सिलने कायतरी खरडलंय. रबराने पुसून टाकू ना?’

मी स्वतः अशी कितीतरी लेबलं रबराने पुसली आहेत. जरा हलक्या हाताने घासलं की कागदाला काही होत नाही.

‘नको,’ मी लिहिलं. ‘कागद फाटतो.’